चालण्याला वजनाची जोड: किती, कुठे आणि कशी

रोज नेमाने चालणाऱ्या माणसाचे शरीर काही महिन्यांत त्या चालण्याला सरावते. ज्या चढावर पूर्वी धाप लागत असे तो चढ आता गप्पा मारत पार होतो, नाडीचे ठोके फारसे वाढत नाहीत, घरी परतल्यावर दमल्यासारखे वाटत नाही. हे सुदृढतेचे लक्षण असले तरी त्याचा दुसरा अर्थ असा की त्याच वाटेवर त्याच वेगाने चालून आता शरीराला नवे काही करावे लागत नाही. या टप्प्यावर अंगावर थोडे वजन घेऊन चालावे हा विचार सुचणे स्वाभाविक आहे आणि तो चुकीचाही नाही. मात्र एक कसोटी सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी: वजन घेतल्यावरही आपली चाल पूर्वीसारखीच राहिली पाहिजे. पाऊल घासू लागले, कंबर पुढे वाकली, मान खाली गेली किंवा एका बाजूला झोक जाऊ लागला, तर ते वजन त्या दिवसापुरते आपल्याला जास्त आहे असे समजावे, मग आकडा कितीही लहान असो. पुढील सर्व सूचना या एकाच कसोटीवर उभ्या आहेत.

आधी लाभाचा हिशेब

वजन घेतल्याने किती जास्त श्रम होतात याविषयी अवास्तव कल्पना असतात, म्हणून हा हिशेब नीट मांडतो. ओझे घेऊन चालताना किती ऊर्जा लागते हे काढण्याचे एक समीकरण संशोधक पँडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये मांडले. सैनिकांच्या ओझ्याचा विचार करण्यासाठी ते तयार झाले आणि आजही वापरले जाते. शरीराचे वजन, ओझे, वेग, चढ आणि जमिनीचा प्रकार एवढ्या गोष्टी त्यात येतात. 70 किलो वजनाची व्यक्ती सपाट, पक्क्या रस्त्यावर ताशी 5 किलोमीटर वेगाने चालत आहे असे धरून गणित केले, तर 7 किलो ओझ्याने ऊर्जेचा खर्च सुमारे 7 टक्के वाढतो आणि 14 किलो ओझ्याने सुमारे 15 टक्के. अर्ध्या तासाच्या फेरीत 7 किलोमुळे जास्तीच्या जेमतेम 10 किलोकॅलरी खर्च होतात. हा अंदाज ढोबळ आहे आणि व्यक्तीनुसार तो थोडा कमी-जास्त होईल, तरी त्यावरून एवढे नक्की कळते की केवळ शरीराचे वजन घटवण्यासाठी पाठीवर ओझे घेणे हा फार मोठा उपाय नाही.

आता त्याच व्यक्तीने काहीही न उचलता वेग ताशी 6 किलोमीटर केला, तर दर मिनिटाचा खर्च जवळजवळ 29 टक्के वाढतो. वेग तोच ठेवून 5 टक्के चढाची वाट निवडली, म्हणजे दर 100 मीटरला 5 मीटर वर चढणारी, तर वाढ 50 टक्क्यांच्याही पुढे जाते. मोकळ्या वाळूत चालण्याचे श्रम तर पक्क्या रस्त्याच्या तुलनेत कितीतरी जास्त असतात. त्या समीकरणात मोकळ्या वाळूसाठीचा गुणक पक्क्या रस्त्याच्या दुपटीहून किंचित अधिक धरलेला आहे. म्हणून ज्यांना वेग वाढवता येतो किंवा ज्यांच्या रोजच्या वाटेवर चढ आहे, त्यांनी आधी ते दोन मार्ग वापरून पाहावेत आणि वजनाचा विचार त्यानंतर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग वजन कोणी घ्यावे? ज्यांचे चालणे सपाट भागातच होते, ज्यांना याहून भरभर चालता येत नाही किंवा धावणे सोसत नाही, जे संथ चालणाऱ्या सोबत्याला सोडून पुढे जाऊ इच्छित नाहीत, त्यांना त्याच वेगात थोडे अधिक श्रम मिळवून देणारे हे चांगले साधन आहे. पाठीवर सॅक घेऊन डोंगरात जायची तयारी करणाऱ्यांना तर याला पर्यायच नाही, कारण खांदे, कंबर आणि तळपाय यांना ज्या भाराची सवय हवी असते ती तोच भार उचलून होते. शिवाय पाठीचे, पोटाचे आणि खुब्याभोवतीचे स्नायू धडाला ताठ धरण्यासाठी सतत काम करत राहतात; हा लाभ कॅलरीच्या हिशेबात दिसत नाही, पण काही आठवड्यांत जाणवतो.

हाडांच्या बळकटीविषयीही बरेच बोलले जाते. वजनाचे जॅकेट घालून उड्या आणि पायांचे व्यायाम वर्षानुवर्षे करणाऱ्या, रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांच्या खुब्याच्या हाडांची घनता टिकून राहिल्याचे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. मात्र त्यात उड्यांचा आघात होता, नुसते चालणे नव्हते. उलट आहारावर नियंत्रण ठेवून वजन घटवणाऱ्या 150 ज्येष्ठ व्यक्तींवर वर्षभर केलेली एक चाचणी 2025 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत दिवसाचे काही तास जॅकेट घातल्यानेही खुब्याच्या हाडांची झीज थांबली नाही. त्यामुळे हाडांसाठी म्हणून कोणी केवळ वजन घेऊन चालण्यावर विसंबू नये.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावे

हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब, गुडघ्याची वा खुब्याची झीज, मणक्यातील गादी सरकणे किंवा पायात उतरणारी कळ, हाडांचा ठिसूळपणा, विशेषतः मणक्याचे हाड पूर्वी दबलेले असणे, तोल जाण्याची तक्रार, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे पहिले महिने, ओटीपोटाचे स्नायू सैल झाल्याने खोकताना लघवी निसटणे, यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांशी किंवा फिजिओथेरपिस्टशी बोलल्याशिवाय वजन घेऊ नये. सपाटीवर चालताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट भार येतो, म्हणजे पाठीवर घेतलेला प्रत्येक किलो गुडघ्याला एक किलो म्हणून जाणवत नाही, त्याहून बराच जास्त जाणवतो. ज्यांना आजवर चालण्याची सवयच नाही त्यांनीही थांबावे. आठवड्यातून चार-पाच दिवस, दर वेळी किमान 40 मिनिटे, कोणत्याही दुखण्याविना चालणे अंगवळणी पडल्यावरच पुढचे पाऊल टाकावे.

वजन अंगावर कुठे असावे

घोट्यांना बांधायची वजने दिसायला सुटसुटीत असतात आणि सहज मिळतात, पण चालण्यासाठी ती मी कोणालाही सुचवणार नाही. पाय हा लंबकासारखा पुढे-मागे झुलतो, आणि लंबकाच्या टोकाला वजन लावले की प्रत्येक झोका सुरू करायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो. 1969 मधल्या एका प्रसिद्ध प्रयोगात पायांवर बांधलेल्या वजनाचा दर किलोमागचा ऊर्जाखर्च शरीराच्या स्वतःच्या वजनाच्या तुलनेत चार ते सहा पट निघाला होता. हे ऐकून कोणाला वाटेल की मग हाच स्वस्तातला मोठा व्यायाम झाला. परंतु तो सगळा ताण खुब्यासमोरच्या स्नायूंवर, गुडघ्यावर आणि घोट्यावर येतो, पाऊल टाकण्याची लय बिघडते, आणि आपली पहिली कसोटी तिथेच मोडते. घोट्यांची वजने झोपून किंवा उभे राहून पाय उचलण्याच्या व्यायामांसाठी योग्य आहेत. ती तिथेच वापरावीत.

हातात डंबेल धरून चालणेही फारसे हिताचे नाही. मूठ सतत आवळलेली राहिली की रक्तदाब वाढतो, हात मोकळेपणाने झुलत नाहीत, आणि मान व खांद्यांचे स्नायू आखडतात.

वजन धडाला चिकटून असावे हाच खरा मार्ग. त्यासाठी दोन साधने आहेत: वजनाचे जॅकेट, ज्याला वेट व्हेस्ट म्हणतात, आणि साधी पाठीवरची सॅक. जॅकेटमध्ये वजन छातीवर आणि पाठीवर समान वाटले जाते, त्यामुळे शरीर पुढे झुकत नाही आणि तोल सांभाळणे सोपे जाते. मात्र छातीवर घट्ट बसणारे जॅकेट श्वास पूर्ण भरू देत नाही आणि अंगाची उष्णता अडवून धरते. शिवाय बहुतेक जॅकेटांचे सगळे वजन खांद्यांवरच येते. खरेदी करताना वजनाच्या छोट्या पिशव्या काढता-घालता येतील असेच जॅकेट घ्यावे, कारण ठरावीक वजन शिवून टाकलेल्या जॅकेटमध्ये हळूहळू वाढवण्याची सोयच राहत नाही. ते घालून दुकानातल्या दुकानात जोरात चालून पाहावे. उड्या मारल्यासारखे हलत असेल तर ते घेऊ नये. स्त्रियांनी छातीवर दाब न येणारी बेतणी मुद्दाम शोधावी.

सुरुवातीसाठी मी सॅकच सुचवीन, कारण ती बहुधा घरात असतेच. फक्त तिचे खांदेपट्टे रुंद आणि जाड असावेत, छातीवरचा पट्टा असावा आणि शक्यतो कंबरपट्टाही असावा. कंबरपट्टा खुब्याच्या हाडांवर घट्ट बसला की भाराचा मोठा हिस्सा खांद्यांवरून उतरून कमरेवर येतो, आणि 5 किलोच्या पुढे गेल्यावर हा फरक फार मोलाचा ठरतो. एका खांद्यावर अडकवायची पिशवी या कामासाठी कधीही वापरू नये.

सॅक भरण्याची रीत

सॅक कशी भरली यावर चालणे सुखाचे होईल की नाही हे ठरते, आणि याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. वजन सॅकच्या तळाशी पडले तर ते मागे खेचते, मग आपण नकळत कमरेतून पुढे वाकतो आणि पाठीचा खालचा भाग दुखू लागतो. म्हणून तळाशी घडी घातलेली चादर किंवा टॉवेल ठेवून उंची वाढवावी, त्यावर जड वस्तू पाठीला अगदी टेकून, खांद्यांच्या फऱ्यांच्या मध्ये येईल अशी ठेवावी आणि उरलेली जागा मऊ कपड्यांनी गच्च भरावी, म्हणजे चालताना काही हलणार नाही. सॅक अंगावर घेऊन जागच्या जागी दोन-तीन उड्या माराव्यात; आतून काही आपटल्याचा आवाज आला तर ती पुन्हा भरावी.

भरण्यासाठी सर्वांत सोयीची वस्तू म्हणजे पाणी. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, त्यामुळे मोजमाप आपोआप होते, आणि वाटेत त्रास होऊ लागला तर बाटली ओतून टाकून भार तिथल्या तिथे कमी करता येतो. बाटल्या मात्र काठोकाठ भराव्यात, कारण अर्धवट भरलेल्या बाटलीतले पाणी प्रत्येक पावलाला डचमळते. जाड पुस्तके टॉवेलात गुंडाळून ठेवली तरी चालतात. वाळू वापरायची असेल तर ती दुहेरी पिशवीत बांधून वर चिकटपट्टी लावावी. विटा, लोखंडी तुकडे किंवा धारदार कडांच्या वस्तू तशाच ठेवू नयेत. रिकाम्या सॅकचे वजनही धरायला हवे. वजनकाट्यावर आधी नुसते आणि मग सॅक घेऊन उभे राहिले की फरक कळतो.

किती वजन, किती दिवसांनी वाढवावे

सुरुवात शरीराच्या वजनाच्या 5 टक्क्यांहून कमी किंवा फार तर तेवढ्या भाराने करावी. 60 किलो वजनाच्या व्यक्तीसाठी हे 3 किलो होतात, 80 किलोच्या व्यक्तीसाठी 4 किलो. पहिल्या दिवशी हे हास्यास्पद वाटेल इतके हलके लागेल आणि दुप्पट घ्यावेसे वाटेल. तो मोह टाळावा. हृदय आणि स्नायू नव्या श्रमाला काही आठवड्यांत जुळवून घेतात, पण कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर), अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी जोडणारे पट्टे) आणि हाडे यांना त्याहून बराच जास्त काळ लागतो, त्यामुळे आपल्याला ताकद आली आहे असे वाटत असतानाच आतले भाग अजून तयार झालेले नसतात. जवानांच्या पावलांना येणाऱ्या दुखऱ्या सुजेची नोंद प्रशियाच्या, म्हणजे जर्मनीतल्या एका जुन्या राज्याच्या, एका लष्करी डॉक्टरने 1855 मध्येच केली होती; ती हाडांना पडणाऱ्या बारीक भेगांमुळे येते हे पुढे कळले. तरण्याताठ्या माणसांनाही अचानक वाढलेली मजल आणि ओझे बाधते, हे तेव्हापासून माहीत आहे.

पहिले दोन आठवडे, आठवड्यातून फक्त दोन दिवस वजन घ्यावे आणि त्या दिवशी अंतर नेहमीच्या निम्म्यावर आणावे. म्हणजे रोज 50 मिनिटे चालणाऱ्याने वजनासह 25 मिनिटे चालावे. वजनाच्या दोन दिवसांमध्ये किमान एक दिवस मोकळा ठेवावा. त्या दिवशी वजनाशिवाय चालण्यास हरकत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वजन तेच ठेवून वेळ पाच-पाच मिनिटांनी वाढवावा. नेहमीचे पूर्ण अंतर त्या वजनासह चाल न बिघडता पार होऊ लागले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुठलाही सांधा दुखत नसेल, तेव्हाच अर्धा ते एक किलो वाढवावे, आणि वाढवलेल्या आठवड्यात अंतर पुन्हा थोडे कमी करावे. वजन, अंतर आणि वेग या तिन्हींपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, हा नियम मोडू नये. या गतीने शरीराच्या वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंत पोहोचायला तीन-चार महिने लागतात, आणि केवळ आरोग्यासाठी चालणाऱ्या बहुतेकांना तेवढे वजन पुरेसे आहे. डोंगरात सॅक वाहून न्यायची असेल तर 15 ते 20 टक्क्यांपर्यंत जाता येते, पण तेही हळूहळू, आणि शक्यतो जाणकाराच्या देखरेखीखाली.

श्रमाची तीव्रता ओळखण्यासाठी यंत्राची गरज नाही. चालताना पूर्ण वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, ही मध्यम तीव्रता. दोन-चार शब्दांनंतरच श्वास घ्यावा लागत असेल तर ती जोरदार तीव्रता, आणि वजन घेऊन चालताना सुरुवातीच्या महिन्यांत तिथवर जाऊ नये.

चालताना काय पाहावे

पहिली पाच-सात मिनिटे संथ चालावे. शरीर किंचित पुढे झुकणे साहजिक आहे, पण तो कल घोट्यातून असावा, कमरेतून नव्हे. नजर दहा-पंधरा पावले पुढे ठेवावी, खांदे कानांकडे ओढले जात असतील तर सैल सोडावेत, आणि पाऊल नेहमीपेक्षा जरा लहान टाकावे, कारण लांब पाऊल टाकताना टाच जोरात आपटते आणि भार असताना तो आघात वाढतो. अंगठे खांदेपट्ट्यांत अडकवून चालण्याची सवय लागू देऊ नये. हात मोकळे झुलले की धडाचा तोल आपोआप सांभाळला जातो. दर दहा मिनिटांनी एकदा मनाशी विचारावे की वजन नसताना मी असाच चाललो असतो का. उत्तर नाही असे येत असेल तर थांबून पट्टे नीट करावेत, आणि त्यानेही चाल सुधारली नाही तर भार कमी करून परतावे.

उतारावर विशेष जपावे. चढताना दम लागतो म्हणून आपण सावध असतो. उतरताना दम लागत नाही, पण गुडघ्यावरचा भार चढण्यापेक्षा वाढतो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणले जात असतानाच शरीर आवरून धरावे लागते. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या बहुधा यामुळेच. गुडघे किंचित वाकलेले ठेवून, लहान पावलांनी, वाट थोडी तिरकी कापत उतरावे. वाट लांब उताराची असेल तर वर पोहोचल्यावर बाटल्यांतले पाणी ओतून हलक्या पाठीने खाली येणे हा मला सर्वांत शहाणपणाचा उपाय वाटतो.

चपला घालून वजनाचे चालणे करू नये. बुटाची टाच घट्ट धरणारी असावी, पुढे बोटांना जागा असावी, आणि घाम शोषणारे, न घसरणारे मोजे असावेत, कारण भार वाढला की पाऊल बुटात अधिक सरकते आणि फोड येतात. उन्हात वजन घेऊन चालणे टाळावे. पाठीला टेकलेली सॅक घामाचे बाष्पीभवन अडवते आणि शरीर लवकर तापते, म्हणून पहाटे किंवा संध्याकाळी निघावे आणि प्यायचे पाणी वजनाच्या पाण्यापासून वेगळे ठेवावे.

कोणती वेदना ऐकावी

स्नायूंचा मंद, दोन्ही बाजूंना सारखाच असणारा ठणका एक-दोन दिवसांत ओसरतो. त्याची काळजी नको. पण हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी, नडगीवर किंवा पावलाच्या वरच्या बाजूला, दुखत असेल आणि चालताना ते वाढत जात असेल, तर वजन पूर्ण थांबवून डॉक्टरांना दाखवावे. हाताला मुंग्या येणे, बधिरपणा किंवा हात उचलताना कमजोरी वाटणे हे खांद्यातून जाणाऱ्या नसांवर पट्ट्यांचा दाब पडत असल्याचे लक्षण आहे. मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा किंवा जळजळ जाणवली तर कंबरपट्टा फार घट्ट आहे. माझ्या स्वतःच्या उजव्या करंगळीला एकदा चालताना मुंग्या येऊ लागल्या होत्या. मी त्या आठवडाभर अंगावर काढल्या आणि नंतर पट्टे सैल करून भार निम्मा केला तेव्हा कुठे त्या थांबल्या. तो आठवडा वाया घालवण्याचे काहीच कारण नव्हते. छातीत दाब, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप लागल्यास तिथेच बसावे, सॅक उतरवावी आणि मदत मागवावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्यात 150 ते 300 मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम करावा आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. वजन घेऊन चालणे पहिल्या भागात मोजावे, दुसऱ्या भागाची जागा त्याने भरून निघत नाही. उठबशा, पायरीवर चढ-उतार, टाचा उचलणे आणि जमिनीला टेकून पोट-पाठ ताठ धरण्याचे व्यायाम हे वेगळे करावेच लागतात, आणि ते करणाऱ्याला पाठीवरचा भारही हलका वाटतो.

आजारपणामुळे किंवा प्रवासामुळे दोन आठवड्यांहून अधिक खंड पडला, तर पुन्हा सुरू करताना आधीच्या निम्म्या वजनावर यावे; महिन्याहून अधिक खंड असल्यास पहिला आठवडा रिकाम्या पाठीनेच चालावे आणि मग सॅकमध्ये एक बाटली ठेवावी.